चौदा वाजवणारे आणि एक लिहिणारा

या संचात एक रचना दोनदा घेतली आहे, आणि मुद्दाम घेतली आहे. 'किंग पोर्टर स्टॉम्प' ही मूळची जेली रोल मॉर्टन या न्यू ऑर्लिन्सच्या पियानोवादकाची. इथलं पहिलं मुद्रण फ्लेचर हेंडरसनच्या बँडचं, १९३३ सालचं. दुसरं बेनी गुडमनच्या बँडचं, १ जुलै १९३५ रोजी झालेलं. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. शेवटाकडे पितळी वाद्यं एक तुकडा फेकतात, सॅक्सोफोन तो झेलून परत देतात आणि ही देवघेव चढत चढत अखेरच्या मात्रेपर्यंत जाते. हा भाग दोन्हींकडे सहज ओळखू येईल इतका सारखा आहे, कारण दोन्हींमागची मांडणी एकाच माणसाची, हेंडरसनची. त्याचा स्वतःचा बँड कृष्णवर्णीय वादकांचा होता आणि १९३४ च्या अखेरीस तो मोडला. गुडमनचा बँड गोऱ्यांचा होता आणि हेंडरसनचेच कागद समोर ठेवून तो १९३५ च्या उन्हाळ्यानंतर देशभर गाजला. गुडमनला लोक 'स्विंगचा राजा' म्हणू लागले. हेंडरसनचं नाव त्या नाचणाऱ्या गर्दीतल्या बहुतेकांच्या कानावरही गेलं नसेल.

बिग बँडचा इतिहास आपल्यापर्यंत पोचतो तो पुढाऱ्यांच्या नावांतून. प्रत्येक बँड एका माणसाच्या नावाने चालायचा, तबकडीवर त्याचंच नाव छापलं जायचं, जाहिरातीत त्याचाच चेहरा असायचा. ही मुद्रणं निवडताना मी मात्र एकच प्रश्न हाताशी धरला: या तीन मिनिटांत जे ऐकू येतं ते ठरवलं कोणी? कोणती वाद्यं एकत्र वाजायची, कोणी कधी थांबायचं, सोलो चालू असताना मागे काय चालायचं, हे सगळं कोणीतरी आधी योजलेलं असतं. मुंबईच्या चित्रपटसंगीतात अशा माणसाला अरेंजर म्हणतात. तोच शब्द इथे वापरतो. १९२४ ते १९४७ या तेवीस वर्षांतलं बिग बँड जॅझ हे अरेंजरांनी उभं केलेलं संगीत आहे, असं माझं ठाम मत आहे आणि हा संच त्या मताच्या आधाराने लावला आहे. सोलो वाजवणाऱ्यांचं मोठेपण त्याने कमी होत नाही. लुई आर्मस्ट्राँग, लेस्टर यंग, जॉनी हॉजेस यांना जे वाजवता आलं त्यासाठी पायाखाली जमीन कोणीतरी घातली होती, एवढंच सांगायचं आहे.

ज्यांनी हे संगीत फारसं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगतो. बिग बँडमध्ये साधारण बारा ते सोळा माणसं. तीन रांगा: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन. सॅक्सोफोनवाले गरजेप्रमाणे क्लॅरिनेट उचलतात. चौथा गट लयीचा: पियानो, गिटार, बास आणि ड्रम. चार मात्रांचा ठेका अखंड चालतो आणि त्यावर रांगा एकमेकींशी बोलतात. एखादा लहानसा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून ताण वाढवत नेतात, त्याला रिफ म्हणतात. हे बोलणं आपल्या कानाला परकं वाटू नये. भजनात बुवांनी ओळ सोडली की टाळकरी ती उचलतात, बुवा पुन्हा वेगळ्या अंगाने सोडतात, तसंच काहीसं इथे चालतं. फरक इतकाच की इथे टाळकऱ्यांच्याही दोन-तीन फळ्या आहेत आणि त्या आपसांतही बोलतात.

अडचण होती ती संख्येची. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या बँडांत कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन अशी तीनच सूरवाद्यं पुढे असत. तिघं एकाच वेळी सुचेल ते वाजवत, तरी गुंता होत नसे, कारण प्रत्येकाचा पट्टा ठरलेला होता. वीसच्या दशकात नाचघरं मोठी झाली. न्यू यॉर्कला ब्रॉडवेवरचं रोझलँड, हार्लेममध्ये लेनॉक्स अव्हेन्यूवर १९२६ साली उघडलेलं सॅव्हॉय, अशा ठिकाणी शेकडो जोडपी एका वेळी नाचत. तेवढ्या दालनात आवाज पुरवायचा तर वाद्यं वाढवायला हवीत. आणि नऊ-दहा वाद्यांनी एकदम मनाला येईल ते वाजवलं तर नुसता कल्लोळ होईल. सगळं लिहून दिलं तर जॅझचा मोकळेपणा गेला. या पेचातून वाट काढली ती डॉन रेडमनने.

रेडमन हेंडरसनच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा आणि त्याच्यासाठी लिहायचा. लहानपणापासून अनेक वाद्यं हाताळलेला, रीतसर शिकलेला माणूस. हेंडरसनही तसाच, जॉर्जियात जन्मलेला, अटलांटा विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेला, १९२० साली न्यू यॉर्कला पुढच्या शिक्षणासाठी आला आणि संगीताच्या धंद्यात शिरला. रेडमनने पितळी वाद्यं एका बाजूला आणि सॅक्सोफोन-क्लॅरिनेट दुसऱ्या बाजूला अशी विभागणी केली, एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि मधल्या मोकळ्या जागा सोलोसाठी राखून ठेवायच्या. आज हे इतकं सरावाचं झालं आहे की कोणालातरी ते पहिल्यांदा सुचलं असेल हे ध्यानातही येत नाही.

पण १९२४ च्या शरद ऋतूपर्यंत त्यात एक उणीव होती आणि संचातलं सर्वांत जुनं मुद्रण, 'कोपनहेगन', ती लपवत नाही. बँड लिहिलेलं सफाईने वाजवतो, तरी चाल थोडी ताठ आहे. मग आर्मस्ट्राँगचं कॉर्नेट येतं. तो नुकताच शिकागोहून हेंडरसनकडे आला होता, वय अवघं तेवीस. त्याचे सूर मात्रेच्या किंचित मागे-पुढे पडतात आणि तेवढ्यानेच लय झुलू लागते. जेमतेम वर्षभर तो त्या बँडमध्ये राहिला. त्या वर्षात रेडमनचा हात बदलला. १९२५ चं 'शुगर फूट स्टॉम्प' याच्या लगेच पुढे ठेवलं आहे ते म्हणूनच. एका माणसाच्या वाजवण्यातली गोष्ट दुसऱ्याच्या लिहिण्यात कशी उतरते आणि तिथून दहा जणांच्या फुंकीत कशी जाते, हे या दोन तबकड्यांइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे ऐकू आलेलं नाही. रेडमन १९२७ साली दुसऱ्या बँडकडे गेला. त्याने घालून दिलेली वाट पुढे हेंडरसनने स्वतः लिहायला घेतली आणि ती आणखी साधी, आणखी हलकी केली.

गुडमनकडे ते कागद कसे गेले हेही सांगायला हवं. १९३४ च्या डिसेंबरपासून एनबीसी रेडिओवर 'लेट्स डान्स' नावाचा शनिवार रात्रीचा कार्यक्रम सुरू झाला. बिस्किटं बनवणाऱ्या कंपनीने तो पुरस्कृत केला होता आणि त्यात वाजवणाऱ्या बँडांना, म्हणजे गुडमनच्याही बँडला, नव्या रचना लिहून घेण्यासाठी पैशांची तरतूद होती. हेंडरसनचा बँड नुकताच मोडला होता, त्याला पैशांची निकड होती. त्याने गुडमनला रचना विकल्या. २१ ऑगस्ट १९३५ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या पॅलोमार नाचघरात गुडमनच्या बँडने आधी गुळमुळीत नाचाची गाणी वाजवली, लोक थंड राहिले. मग हेंडरसनच्या रचना काढल्या आणि गर्दी नाच सोडून व्यासपीठाभोवती जमली. स्विंगचं युग त्या रात्रीपासून मोजायची रीत पडली आहे. गुडमनच्या बाजूने सांगायचं तर त्याने हेंडरसनचं ऋण कधी नाकारलं नाही. पियानोवर टेडी विल्सन आणि व्हायब्राफोनवर लायनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय वादकांना बरोबर घेऊन तो जाहीरपणे व्यासपीठावर बसला, तेही अमेरिकेत जेव्हा हे सहजी होत नव्हतं तेव्हा. क्लॅरिनेट तर तो असं वाजवायचा की आजही ऐकताना थक्क व्हायला होतं. तरीही हिशेब बरोबरीचा नव्हता. हेंडरसन १९५२ साली गेला. १९६१ मध्ये कोलंबिया कंपनीने त्याच्या मुद्रणांचा चार एलपींचा संच काढला, त्याचं नावच 'अ स्टडी इन फ्रस्ट्रेशन' असं होतं.

आता कॅन्सस सिटीकडे वळतो, कारण तिथे कागदच नव्हता. काउंट बेसी मूळचा न्यू जर्सीच्या रेड बँकचा. एका फिरत्या नाट्यकंपनीबरोबर कॅन्सस सिटीत पोचला आणि कंपनी बुडाल्यावर तिथेच अडकला. रीनो क्लब नावाच्या लहान जागेत त्याचा नऊ जणांचा बँड रात्र रात्र वाजवायचा. रचना तोंडी ठरायच्या. एक सॅक्सोफोनवाला रिफ सुरू करायचा, शेजारचे ती उचलायचे, ट्रम्पेटवाले त्यावर दुसरी चढवायचे आणि जे जमून यायचं ते सगळे डोक्यात ठेवायचे. १९३६ च्या सुरुवातीला जॉन हॅमंड या तरुण संगीतवेड्याने शिकागोत मोटारीतल्या रेडिओवर हे ऐकलं आणि त्याचा पाठपुरावा केला. त्याच्या आधी डेका कंपनीने बेसीशी करार उरकला: चोवीस बाजू, साडेसातशे डॉलर, पुढे विक्रीतला वाटा शून्य. 'वन ओक्लॉक जंप' हे ७ जुलै १९३७ चं मुद्रण त्या करारातलं आहे. बेसीला आयुष्यभर पुरलेली ही रचना कोणी लिहिली, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. तिची गाजलेली रिफ डॉन रेडमनने मांडलेल्या एका जुन्या गाण्यातून आलेली आहे. अनेक डोकी, अनेक रात्री आणि तळाशी पुन्हा रेडमन.

बेसीच्या बँडमध्ये लयीचा गट ऐकावा. वॉल्टर पेजचा बास चारही मात्रांवर चालत राहतो, फ्रेडी ग्रीनची गिटार ऐकू येण्यापेक्षा जाणवते अधिक, आणि जो जोन्स ठेका पायाच्या मोठ्या ढोलावरून काढून हाय-हॅटच्या झांजांवर नेतो. त्यामुळे खालचा गदारोळ नाहीसा होतो आणि सगळा बँड जमिनीपासून चार बोटं वर उचलल्यासारखा वाटतो. बेसी स्वतः पियानोवर मोजके सूर टाकतो. ग्रीन १९३७ मध्ये आला आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. पन्नास वर्षांत त्याने क्वचितच सोलो घेतला. याच बेसीला १९३६ साली शिकागोच्या ग्रँड टेरेसमध्ये कार्यक्रमाचं संगीत वाजवायला मिळालं तेव्हा लिखित रचना कमी पडल्या, आणि त्या उसन्या दिल्या फ्लेचर हेंडरसनने. स्वतःचा बँड नीट चालवणं न जमलेल्या त्या माणसाने अशा रीतीने आणखी एक बँड तारला.

एलिंग्टनसाठी मी सर्वांत जास्त जागा ठेवली आहे आणि ती मला अजूनही अपुरी वाटते. ड्यूक एलिंग्टन वॉशिंग्टनचा. १९२७ च्या डिसेंबरात त्याचा बँड हार्लेमच्या कॉटन क्लबमध्ये लागला. तिथे व्यासपीठावर कृष्णवर्णीय आणि टेबलांवर फक्त गोरे, असा नियम होता. क्लबच्या नाचांना 'जंगली' रंगाचं संगीत हवं होतं. एलिंग्टनकडे बबर माइली आणि ट्रिकी सॅम नँटन होते. नळ तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या तोंडावर उघड-बंद करून ते माणसासारखा गुरगुराट, विव्हळणं, हसणं काढत. पाहुण्यांनी त्यात जंगल ऐकलं असेल. 'ब्लॅक अँड टॅन फँटसी' आज ऐकताना त्यात कोणाचा तरी शोक ऐकू येतो.

हेंडरसन रांगांसाठी लिहायचा, एलिंग्टन माणसांसाठी. त्याच्या कागदांवर 'दुसरं ट्रम्पेट' वगैरे वाद्यांच्या जागी बहुतेक वादकांची नावं असत. हॉजेसचा अल्टो सॅक्सोफोन, हॅरी कार्नीचा बॅरिटोन सॅक्सोफोन, नँटनचा ट्रॉम्बोन हे त्याचे रंग होते, आणि ते रंग दुसऱ्या कोणाकडे मिळत नसल्यामुळे त्याच्या रचना दुसऱ्या बँडांनी वाजवल्या की फिक्या पडत. १९३० चं 'मूड इंडिगो' नीट ऐका. जुन्या पद्धतीत क्लॅरिनेट वर, ट्रम्पेट मध्ये, ट्रॉम्बोन खाली. एलिंग्टनने क्रम उलटवला. क्लॅरिनेट त्याच्या खालच्या, जाड पट्टीत नेऊन तळाशी बसवलं आणि ट्रॉम्बोनला म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं झाकण, लावून वर चढवलं. तिघंही मायक्रोफोनजवळ हळू वाजवतात आणि त्यांच्या मिलाफातून एखादं चौथंच वाद्य वाजतं आहे असा भास होतो. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रालाच त्याने वाद्य करून घेतलं होतं, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

१९४० सालच्या तीन तबकड्या ओळीने ठेवल्या आहेत: 'को-को', 'कॉन्चेर्टो फॉर कूटी' आणि 'कॉटन टेल'. माझ्या मते जॅझमध्ये तीन मिनिटांत याहून जास्त काही कोणी साधलेलं नाही. 'को-को' बारा मापांच्या ब्लूजवर उभं आहे. प्रत्येक आवर्तनात एक थर वाढतो, सूरसंगती कडवट होत जाते आणि अगदी दाटी झाल्यावर सगळे थांबून जिमी ब्लँटनचा बास एकटा बोलू लागतो. ब्लँटन तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा होता. क्षयाने तो १९४२ मध्ये गेला. 'कॉन्चेर्टो फॉर कूटी'त कूटी विल्यम्सचं ट्रम्पेट एकच सूरवाक्य वेगवेगळ्या म्यूटने असं फिरवतं की तोच माणूस तीन स्वभावांनी बोलतो आहे असं वाटावं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात विल्यम्स गुडमनकडे गेला.

'टेक द ए ट्रेन' एलिंग्टनच्या बँडची ओळख झाली, पण ती रचना बिली स्ट्रेहॉर्नची. १९४१ च्या सुरुवातीला रचनाकारांच्या संस्थेचा रेडिओ कंपन्यांशी मोबदल्यावरून वाद पेटला आणि एलिंग्टनच्या स्वतःच्या रचना प्रसारित करता येईनात. स्ट्रेहॉर्न त्या संस्थेचा सदस्य नव्हता. त्याने आणि एलिंग्टनचा मुलगा मर्सर याने घाईने नवं लिहायला घेतलं. मर्सरने पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे या रचनेचा कागद त्याला कचऱ्याच्या टोपलीत सापडला. ती फारच फ्लेचर हेंडरसनसारखी झाली म्हणून स्ट्रेहॉर्नने टाकून दिली होती. हा शांत, स्वतःला मागे ठेवणारा माणूस जवळजवळ तीस वर्षं एलिंग्टनबरोबर राहिला, आणि दोघांपैकी कोणी काय लिहिलं याची उकल अभ्यासक आजही हस्तलिखितं समोर ठेवून करत आहेत.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. चिक वेब हा पाठीच्या कण्याच्या क्षयाने वाढ खुंटलेला ड्रमवादक सॅव्हॉयचा अनभिषिक्त राजा होता. ११ मे १९३७ ला गुडमन त्याच्याशी सामना करायला तिथे गेला आणि हरला. गुडमनचा ड्रमवादक जीन क्रूपाने त्याच्यापुढे मान तुकवली. दोघांच्याही गाठोड्यात 'स्टॉम्पिन अ‍ॅट द सॅव्हॉय' होतं आणि ते वेबच्या बँडमधल्या एडगर सॅम्पसनने लिहिलेलं होतं. जिमी लन्सफर्डचा बँड साय ऑलिव्हरच्या लेखणीमुळे चमकला आणि १९३९ मध्ये ऑलिव्हर जास्त पैशांवर टॉमी डॉर्सीकडे गेला तसा डॉर्सीचा बँड बदलून गेला. दोन्हींचे नमुने दिले आहेत, हात एकच आहे हे लगेच कळेल. आर्टी शॉच्या 'बिगिन द बिगीन'ची मांडणी जेरी ग्रेची. ग्लेन मिलरचं 'इन द मूड' घ्यावं की नाही यावर मी बराच विचार केला. त्याच्या बँडमध्ये मोकळं वादन कमी, रिफही जुनीच, १९३० पासून या बँडकडून त्या बँडकडे फिरलेली. पण सॅक्सोफोनांच्या वर क्लॅरिनेट ठेवून त्याने घडवलेला आवाज आजही दोन मात्रांत ओळखू येतो, आणि ते अरेंजरचंच यश आहे. म्हणून घेतलं.

मेरी लू विल्यम्सला मात्र घाईत उरकणार नाही. पिट्सबर्गमध्ये वाढलेली ही पियानोवादक अँडी कर्कच्या बँडमध्ये वाजवायची आणि त्याचं बहुतेक सगळं लेखन करायची. बायकांनी गावं आणि पुरुषांनी वाजवावं अशी या धंद्याची सरळ वाटणी होती. ती हिने मोडली. १९३६ चं 'वॉकिन अँड स्विंगिन' ऐका. सॅक्सोफोन कमी पडतात म्हणून तिने एक ट्रम्पेट त्यांच्या रांगेत मिसळवलं आणि त्या मिश्रणातून निघालेला रंग दुसऱ्या कोणाच्या बँडमध्ये नाही. गुडमनने तिच्याकडूनही लिहून घेतलं. पंचविशीतल्या त्या मुलीने त्या काळच्या सर्वोत्तम अरेंजरांच्या बरोबरीने काम केलं, आणि तरी बिग बँडच्या कित्येक संकलनांत तिचं नाव सापडत नाही. या संचात तिच्या दोन रचना आहेत.

ही सगळी मुद्रणं तीन मिनिटांच्या आसपास आहेत, कारण दहा इंची तबकडीत तेवढंच मावायचं. बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजू वापरलेलं गुडमनचं 'सिंग, सिंग, सिंग' हा अपवाद. दुरुस्तीची सोय नव्हती. मेण कापलं गेलं की कापलं गेलं. एखादा वादक चुकला तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. मायक्रोफोनपासून कोणी किती लांब उभं राहायचं यावर आवाजाचा तोल ठरायचा. या मर्यादेने अरेंजरांना काटकसर शिकवली. नाचघरात हेच बँड एकेक रचना लांबवत असत. त्याची थोडी कल्पना यावी म्हणून ७ नोव्हेंबर १९४० रोजी नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी दोन तरुणांनी स्वतःच्या यंत्रावर टिपलेल्या एलिंग्टनच्या नाचरात्रीतला एक तुकडा जोडला आहे. जुन्या तबकड्यांचा खरखराट मी पूर्ण पुसू दिलेला नाही. तो पुसताना जो जोन्सच्या झांजाही पुसल्या जातात.

त्या तबकड्या लाखेच्या असत, आणि ती लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जायची. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर किडे ती बनवतात. युद्ध पेटल्यावर हा पुरवठा आटला, १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक कपात आणली. त्यातच १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने मुद्रणावर बहिष्कार टाकला आणि मोठ्या दोन कंपन्यांशी तो १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत मिटला नाही. या संचात मध्येच काही वर्षांची फट आहे ती त्यामुळे. अर्ल हाइन्सच्या १९४३ च्या बँडमध्ये जॅझला पुढे नवं वळण देणारे चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी एकत्र बसत होते आणि त्याची एकही व्यावसायिक तबकडी निघाली नाही. युद्धानंतर खर्च परवडेनासे झाले, नाचघरांवर युद्धकाळातच कर बसला होता, लोकांना गायक हवे होते. १९४६ च्या डिसेंबरात गुडमन, वुडी हर्मन, टॉमी डॉर्सी, हॅरी जेम्स यांनी एकामागून एक बँड मोडले. १ जानेवारी १९४८ पासून दुसरा बहिष्कार लागणार होता. त्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात, २७ डिसेंबरला हर्मनच्या नव्या बँडने 'फोर ब्रदर्स' आणि ३० डिसेंबरला गिलेस्पीने 'मान्तेका' मुद्रित केलं. संच तिथे संपतो.

मुंबईशी या संगीताचा संबंध ऐकीव नाही. लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकी बँड १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या शेजारी बसून शिकले ते गोव्याचे वादक. गावच्या चर्चशाळेत स्वरलेखन वाचायला शिकलेली ही माणसं कागद समोर आला की वाजवू शकत, आणि ऐकलेलं कागदावर उतरवू शकत. पुढे तीच चित्रपटांत गेली. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या संगतीतून १९५१ चा 'अलबेला' आला. लाहोरच्या हॉटेलांत बँड चालवलेले सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईत येऊन शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षं लिहीत राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. या अरेंजरांची नावं पडद्यावर आली तर सहायक म्हणून. हेंडरसनची गोष्ट आपल्याला दूरची वाटायचं काही कारण नाही. एलिंग्टन १९६३ मध्ये स्ट्रेहॉर्नसह भारतात आला, मुंबईतही वाजवून गेला, आणि त्या प्रवासातून 'फार ईस्ट स्वीट' ही मालिका जन्मली. ती या संचाच्या काळाबाहेरची, पण इथून पुढे जाणाऱ्याने आधी तीच ऐकावी.

ऐकण्याविषयी एक सुचवतो. प्रत्येक मुद्रण दोनदा लावा. पहिल्या वेळी सोलोच्या मागे जा, तो आनंद चुकवू नये. दुसऱ्या वेळी सोलो वाजवणाऱ्याकडे लक्ष न देता त्याच्या मागे सॅक्सोफोन काय करत आहेत तेवढंच ऐका. फोनच्या आवाजावर हे होणार नाही. बास ऐकू आला नाही तर निम्मं संगीत गेलं.

एलिंग्टनचे कागद आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहेत. गुडमनचा संग्रह येल विद्यापीठात आहे आणि हेंडरसनने त्याच्यासाठी लिहिलेल्या रचना तिथे पाहायला मिळतात. मुंबई-गोव्याच्या आपल्या अरेंजरांनी लिहिलेले कागद मात्र बहुतांशी घराघरांत, ट्रंकांत आणि माळ्यांवर आहेत, आणि दर वर्षी त्यातले काही रद्दीत जातात. हा संच ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी आजोबांची, काकांची अशी हस्तलिखितं असतील, तर ती टाकू नका. कोरड्या जागी ठेवा, पानापानाचे फोटो काढा, कोणत्या चित्रपटासाठी किंवा बँडसाठी लिहिली ते आठवत असेल तर त्यावर लिहून ठेवा, आणि जपण्याची सोय असलेल्या एखाद्या संग्रहालयाच्या किंवा विद्यापीठाच्या हाती द्या.